रेडिओचा कान कोणाच्या हाती

गेल्या हिवाळ्यात आईला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मोठा समारंभ नको, घरीच जवळच्या माणसांचे जेवण करू आणि पंगत चालू असताना आईच्या आवडीची गाणी मंद आवाजात लावून ठेवू, असे दादाने सुचवले. आम्हा तिघा भावंडांनी एकमेकांना न विचारता आपापली यादी करायची आणि मग तिन्ही एकत्र करायच्या, ही कल्पनाही त्याचीच. ठरल्याप्रमाणे याद्या आल्या. मी त्या एकाखाली एक ठेवून वाचल्या, पुन्हा वाचल्या आणि थबकले. तिन्ही याद्यांत मिळून एकही गाणे सामाईक नव्हते. दादाने नाट्यपदे आणि सकाळची भावगीते लिहिली होती. ताईची यादी जवळजवळ सगळीच हिंदी होती. माझ्या यादीत सुरेश भटांच्या गझला आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली होत्या. एकाच घरात, एकाच आईच्या हाताखाली वाढलेल्या तिघांना तिच्या आवडीचे एकही गाणे एकमताने सांगता येऊ नये, याचे मला फार नवल वाटले. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही याद्या मोठ्या अक्षरांत लिहून आईपुढे ठेवल्या. तिने चष्मा लावून त्या सावकाश वाचल्या, काही ओळींवर बोट टेकवून ती हसलीही. मग म्हणाली, "ही सगळीच आवडायची ना मला. पण ही तुम्ही लोकं लावायचे ती गाणी आहेत."

एवढे बोलून तिने कागद परत दिला आणि ती मेथी निवडायला बसली. ते वाक्य मात्र पुढे कित्येक दिवस माझ्या मनातून जाईना.

याद्या पुन्हा काढून पाहिल्या तेव्हा त्यांतला हिशेब हळूहळू उलगडू लागला. दादाचा जन्म १९७० चा. त्याचे बालपण नागपूरच्या महाल भागातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेले. तिथे रेडिओ उंच फळीवर असायचा, त्यावर आईने क्रोशाने विणलेले झाकण होते आणि त्याचा कान पिळण्याचा अधिकार फक्त बाबांचा होता. पहाटे तंबोऱ्याच्या साथीने आकाशवाणीची ती ओळखीची सुरावट सुरू झाली की घर जागे व्हायचे. नागपूरचे केंद्र १९४८ साली सुरू झाले, म्हणजे ते आईहून एका वर्षाने मोठे. भक्तिगीते, बातम्या, मग एखादे नाट्यपद, आणि ते संपेपर्यंत बाबांची दाढी आटोपलेली असायची. दादाची यादी ही त्या फळीवरच्या रेडिओची यादी होती. पुढे बाबांची बदली चंद्रपूरला झाली. ते शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे परत निघायचे. मधल्या दिवसांत रेडिओ ताईच्या हाती आला आणि काटा विविध भारतीवर सरकला. शनिवारी संध्याकाळी बाबांच्या येण्याआधी ताई काटा न चुकता नागपूर केंद्रावर आणून ठेवायची, हे मला अजून स्पष्ट आठवते, कारण स्टुलावर चढलेल्या ताईचे पाय धरून उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या वाट्याला टेपरेकॉर्डर आला. तोवर आम्ही लक्ष्मीनगरजवळ स्वतःच्या घरी राहायला गेलो होतो, दादा वसतिगृहात गेला होता, ताई कॉलेजात रमली होती, आणि दुपारी घरात मी आणि आई अशा दोघीच असायचो. प्रत्येकाने आपापल्या आठव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यानची आई आठवून लिहिली होती.

हे लक्षात आल्यावर मी माझ्याच गाण्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. एखाद्या वयात एखादे गाणे जिवापाड आवडले, असे आपण म्हणतो. ते गाणे त्या वयात आपल्यापर्यंत आणले कोणी, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

माझी सगळ्यांत जुनी गाणी भुलाबाईची आहेत. भाद्रपद पौर्णिमेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी पाटावर बसले की कोजागरीपर्यंत आम्ही मुली रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणायचो. शेवटी खाऊ ओळखायचा असे. घरची बाई झाकण लावलेला डबा कानाशी हलवून दाखवायची आणि त्या आवाजावरून आत मुरमुरे आहेत, शेंगदाणे आहेत की लाडू, याचा अंदाज बांधायचा. आवाज नीट ऐकण्याचे पहिले शिक्षण मला त्या डब्यांनी दिले असे मी मनापासून मानते. गाण्यांत सासू होती, नणंद होती, माहेरचा रस्ता होता, रुसून बसलेली सून होती. सात-आठ वर्षांच्या आम्ही मुली सासरचे गाऱ्हाणे खणखणीत आवाजात गात असू आणि त्यातले आम्हाला काहीही कळत नसे. आमच्या दारात गाणी सुरू झाली की आई हातातले काम टाकून बाहेर यायची. तिचे माहेर आर्वीचे. तिकडची कडवी वेगळी होती, आमच्या गल्लीत कोणालाच ठाऊक नसलेली. ती मध्येच आपली कडवी सुरू करायची आणि सगळ्या मुलींना तिच्यामागून ती म्हणावी लागायची. घरात कधी मोठ्याने न गाणारी आई तिथे सगळ्या मुलींच्या वर आवाज चढवून गायची आणि शेवटच्या ओळीला तिचा चेहरा लाल झालेला असायचा.

त्या गाण्यांना कोणतेही बटण नव्हते.

नव्या घरापासून दीक्षाभूमी चालत जाण्याच्या अंतरावर होती. दसऱ्याच्या आधीचे दोन-तीन दिवस आमच्या रस्त्यावरून पांढऱ्या कपड्यांतली माणसे सतत जात असायची, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर दूरवरून भीमगीते ऐकू यायची. शब्द नीट लागत नसत. ढोलकी, पेटी आणि एक उंच ताणलेला आवाज एवढेच वाऱ्याबरोबर येई आणि वारा फिरला की नाहीसे होई. माझ्या वर्गात इंदोऱ्याकडून येणारी एक मैत्रीण होती. तिच्या आजीने जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेबांना गुंफले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिने वामनदादा कर्डकांचे एक गीत म्हटले तेव्हा त्या गाण्यांचे शब्द मी पहिल्यांदा पुरते ऐकले. आम्ही दोघी एकाच बाकावर बसायचो, एकाच वयाच्या होतो आणि एकाच शहरात वाढत होतो. तरी तिच्या लहानपणाची गाणी आणि माझ्या लहानपणाची गाणी यांच्यात इतके अंतर होते की तिच्या घरी गेल्यावर मला तिथले काहीच गुणगुणता येत नसे. आम्ही कोणत्या घरात, कोणत्या वस्तीत जन्मलो यानेच आमची पहिली गाणी ठरून गेली होती. तिला ती गाणी मान ताठ करून म्हणताना मी पाहिले आहे. भुलाबाईच्या गाण्यांतली कोणतीही मुलगी तशी उभी राहत नाही, हा विचार त्यानंतर माझ्या मनातून कधीच पूर्ण गेला नाही.

दहाव्या वर्षी आईने मला गाण्याच्या शिकवणीला घातले. शिकवणी धरमपेठेत होती. आई मला चालत घेऊन जायची, आणि परतताना आम्ही गोकुळपेठेच्या बाजारातून भाजी घ्यायचो. मधल्या तासाभरात घरी जाऊन येणे परवडत नसे, म्हणून ती बाईंच्या घराच्या पायऱ्यांवर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहायची. बाईंनी सुरुवात भूपापासून केली, जशी बहुतेक ठिकाणी करतात. पाचच स्वर, मध्यम आणि निषाद वर्ज्य, कोवळ्या गळ्यालाही पेलणारा राग. पेटीवर काळी चार धरून आम्ही मुली सरगम घोकायचो. पुढे प्रारंभिकची परीक्षा झाली, प्रवेशिका झाली, आणि दहावीचे वर्ष आले तशी शिकवणी सुटली. दादाचे गाणे माझ्याही आधी सुटले होते, पण वेगळ्या कारणाने. महालात असताना तो एका गुरुजींकडे जायचा. त्याचा आवाज फार गोड होता, आणि संध्याकाळी आई कणीक मळत असताना तो तिला नवीन शिकलेले पद म्हणून दाखवायचा. चौदाव्या वर्षी त्याचा आवाज फुटला. त्या वयात मुलांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. गुरुजींनी त्याला धीर दिला, काही महिने थांबून खालच्या पट्टीत पुन्हा सुरुवात करू म्हणाले. पण एकदा आईसमोर पद म्हणताना त्याचा आवाज चिरकला आणि त्यानंतर तो कोणासमोर गायला नाही. त्याच्या यादीतले शेवटचे पद कधीचे असावे, हे मी मनाशी ताडून पाहिले. ती यादी बरोबर तिथेच थांबते. आपण आईसाठी जे गात होतो तेच आईला आवडते, असे त्याने पुढची चाळीस वर्षे धरून ठेवले. ती यादी वाचताना मला त्याच्याविषयी जी माया वाटली, ती मी त्याला अजून बोलून दाखवलेली नाही.

माझे स्वतःचे म्हणता येईल असे पहिले गाणे कॅसेटवर आले. बर्डीवर एक दुकान होते, तिथे गाण्यांची यादी दिली की ती भरून मिळायची. साठ मिनिटांची कॅसेट घ्यायची की नव्वदची, याचा विचार फार करावा लागे. नव्वदच्या कॅसेटची फीत पातळ असल्यामुळे ती अडकण्याची भीती असे, आणि पैसेही जास्त पडत. मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर गाण्यांची मिनिटे मांडायची, बेरीज करायची, एक गाणे खोडून दुसरे लिहायची. आवडणे म्हणजे काहीतरी वगळणे आहे, हे त्या बेरजांनी मला दाखवले. इतके करूनही एका बाजूचे शेवटचे गाणे दुसऱ्या अंतऱ्यात तुटायचे. ते गाणे आज कुठेही पूर्ण ऐकू आले तरी त्या शब्दापाशी माझा श्वास अडतो, आणि गाणे पुढे गेले की आश्चर्य वाटते. १९९२ साली ए. आर. रहमान यांच्या 'रोजा'ची गाणी आली आणि घरात पहिल्यांदा असे काही वाजू लागले जे बाबांना मुळीच आवडत नव्हते. त्यांना त्यात गाणे सापडत नव्हते आणि मला तर त्यात सगळेच सापडत होते. तो ताल पोटात जाणवायचा. मे महिन्यात कूलरचा घरघराट इतका असे की आवाज वाढवल्याशिवाय काही ऐकूच येत नसे, आणि बाबा दुपारी झोपलेले असत. म्हणून मी टेपरेकॉर्डर कूलरच्या अगदी शेजारी ठेवून त्याला कान लावून बसायची. त्या गाण्यांना आजही ओल्या वाळ्याचा वास आहे.

त्याच सुमारास रात्रीच्या अभ्यासाला मला एक सोबती मिळाला होता. आकाशवाणीने १९८८ साली रात्रभर चालणारी राष्ट्रीय प्रसारण सेवा सुरू केली. तिचे प्रक्षेपण नागपूरजवळच्या एक हजार किलोवॉटच्या प्रक्षेपकावरून होत असे, कारण देशाच्या मध्यावरून आवाज सगळीकडे पोहोचवणे सोपे होते. गच्चीवर सगळे झोपले की मी खाली खोलीत दिवा लावून इतिहास वाचत असे आणि रेडिओ उशीखाली ठेवून त्याचा आवाज अगदी बारीक करत असे. कधी शास्त्रीय गायन लागे, कधी जुनी हिंदी गाणी, कधी मला न समजणाऱ्या भाषेतले काही. निवड माझी नव्हती, पण ऐकण्याची वेळ माझी होती. बाबांना, ताईला, कोणालाच ठाऊक नसलेले असे ते ऐकणे होते, आणि मोठे झाल्याची जाणीव मला सगळ्यांत आधी त्या उशीपाशी झाली. ती सेवा २०१९ च्या जानेवारीत बंद करण्यात आली. ती बातमी वाचून मी बराच वेळ काम करू शकले नव्हते.

स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात की चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या गोष्टी बाकीच्या काळापेक्षा जास्त आणि ठळक आठवतात, आणि त्या वर्षांत ऐकलेले संगीतही तसेच मनात टिकून राहते. माझ्यापुरते हे अगदी पटते. पण आईची दहा ते तीस ही वर्षे मी मांडून पाहिली आणि अडखळले. १९५९ ते १९७९. त्यांतली पहिली नऊ वर्षे आर्वीला, माहेरी. त्याच्या काही वर्षे आधी बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले होते आणि त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले आणि १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. म्हणजे दिल्लीतल्या एका खोलीतला हातही आर्वीतल्या मुलीच्या कानापर्यंत पोहोचत होता. आईच्या घरी रेडिओ नव्हता. शेजारच्या घरी होता. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका गीतमाला सुरू व्हायची, अमीन सायानींचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, आणि नेमकी तीच घरातल्या पंगतीची वेळ. थोरली मुलगी म्हणून वाढण्याचे काम आईकडे. भिंतीशी उभी राहून गाण्याचा मुखडा ऐकेपर्यंत आतून कोणीतरी पोळी मागायचे. त्या काळातल्या कितीतरी गाण्यांचे मुखडे आईला शब्दन् शब्द पाठ आहेत, अंतरे मात्र येत नाहीत. हे तिने मला सांगितले तेव्हा ती हसत होती. मला हसता आले नाही.

एकोणिसाव्या वर्षी लग्न झाले आणि अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आम्ही तिघे झालो. ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटे मावत, आणि चित्रपटातले, भावगीतातले गाणे त्या मापाच्या आसपासच घडले. आईच्या दिवसात तीन मिनिटेसुद्धा सलग नव्हती. फोडणी, नळाचे पाणी, रडणारे मूल, दारावरचा दूधवाला. रेडिओ चालू असायचा, तिच्या डोक्यावरच्या फळीवर असायचा, आणि ती त्याला हात लावत नसे.

मी नोकरीसाठी पुण्याला गेले आणि तिथे पहिल्यांदा संपूर्ण माझ्या हातातले बटण मिळाले. तिथे मी काय ऐकले? जवळजवळ सगळे आमच्या घरातलेच. १४ मार्च २००३ रोजी सुरेश भट नागपुरात गेले. संध्याकाळी खोलीवर परतल्यावर मी 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' लावले. 'उंबरठा'तले ते गाणे मी पाच-सहा वर्षांची असताना घरात ऐकले होते, तेव्हा मला त्यातली चालच तेवढी कळत होती. पंधराव्या वर्षी तेच गाणे ऐकून डोळ्यांत पाणी आणण्याची हौस होती. त्या संध्याकाळी मला घराची इतकी आठवण आली की मी आईला फोन केला आणि काहीच बोलू शकले नाही. तिने विचारले, "भट गेले म्हणून रडून राहिली का तू?" मी हो म्हटले. ती बराच वेळ फोन धरून थांबली. मुले झाल्यावरच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. मी अंगाई म्हटली, बडबडगीते म्हटली, मुलांच्या टीव्हीवरची गाणी पाठ केली, आणि त्या दहा वर्षांत मला स्वतःला काय आवडत होते ते मला सांगता येणार नाही. आईच्या अंतऱ्यांचा अर्थ मला त्यामुळेच थोडा लवकर कळला असावा.

जेवणाच्या आदल्या दिवशी मी तिला सरळ विचारले की आमची गाणी राहू दे, तुझे कोणते ते सांग. ती उठली आणि फोन घेऊन आली. बाबा गेल्यावर दादाने तिला तो घेऊन दिला होता, आणि कानात घालायची बटणे माझ्या मुलाने आणून दिली होती. त्यात तिने स्वतः शोधून ठेवलेली नावे होती आणि बहुतेक सगळे ख्याल होते. सगळ्यांत वर किशोरी आमोणकरांचा भूप होता. दुपारी जेवण झाले, मोलकरीण भांडी घासून गेली की ती खोलीचे दार लोटते आणि एक राग लावते. पाऊण तास, कधी त्याहून जास्त. संथ लयीतले विलंबित संपून जलद लयीतले द्रुत लागेपर्यंत उठायचे नाही असा तिने नियम केला आहे. मी विचारले, भूपच का? ती म्हणाली, "तुझ्या बाईंच्या पायऱ्यांवर बसून मी तो ऐकला ना. तुम्ही मुली रोज तेच पाच स्वर म्हणायच्या. मला वाटायचं, राहिलेले दोन बाई पुढच्या महिन्यात शिकवतील. मग एक दिवस त्या स्वतःच गायल्या, तुम्ही गेल्यावर, एकट्या. तेव्हा समजलं की दोन नाहीतच, आणि नाहीत म्हणूनच ते तसं आहे. ते पूर्ण ऐकायचं राहून गेलं होतं. भाजीबाजार उठला असता."

किशोरीताईंनी गाणे आपल्या आईकडून, मोगूबाई कुर्डीकरांकडून घेतले. आमच्या घरात ते उलट्या दिशेने गेले, आणि तेही मला नकळत. ज्या तासाला मी कंटाळत होते, घड्याळाकडे पाहत होते, त्या तासाला दाराबाहेर माझी आई शिकत होती. मानसशास्त्रज्ञांच्या त्या वीस वर्षांत तिला जे मिळाले नाही, ते तिने अडतिसाव्या वर्षी पायऱ्यांवर ऐकले आणि सत्तरी ओलांडल्यावर पूर्ण केले. तिच्या आवडीचे वय आत्ता चालू आहे. याद्या करताना आम्हा तिघांपैकी कोणाच्या मनात हे आले नाही, कारण आई मोठी होत असेल ही कल्पनाच मुलांना सुचत नाही.

जेवणाच्या दिवशी काय लावायचे तेही तिनेच ठरवले. आमच्या तिन्ही याद्या तिने एकत्र करायला लावल्या. पंगतीत विलंबित ख्याल नको, लोक जेवणार कसे, असे तिचे म्हणणे पडले. दादाचे एक नाट्यपद लागले तेव्हा वाढताना ती क्षणभर थांबली आणि दादाच्या पानात न मागता दुसरी पुरणपोळी पडली. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि काही न बोलता ती खाल्ली.

त्यानंतर महिन्याभराने मी तिला सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात एका मैफिलीला घेऊन गेले. वसंतरावांनी गाण्याचे पहिले धडे याच शहरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गिरवले, हे मी तिला गाडीत सांगू लागले तर तिला ते आधीच माहीत होते. समोर बसून गाणे ऐकण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. गायिकेने यमन मांडला. आई पुढे झुकून, दोन्ही हात पिशवीवर ठेवून बसली होती, आणि मध्यंतरात मी चहा विचारला तेव्हा तिने मान हलवून नको म्हटले, कारण उठले तर परत येताना सुरुवात चुकेल. मैफल संपल्यावर बाहेर थंडी होती. मी तिला शाल दिली आणि कसे वाटले म्हणून विचारले. तिने शाल नीट पांघरून घेतली आणि म्हणाली, "गळा चांगला आहे बाईंचा. पण विलंबित लवकर आटोपलं, अजून बढत करायला हवी होती. आणि तबल्याचा माइक फार मोठा ठेवला होता. पुढच्या वेळी जरा मागच्या रांगेतली तिकिटं काढ."